पाचवीला कुठली शाळा? अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, मी पट बघून ठरवलं

मार्च उजाडला की आमच्याकडे कराडला एकच प्रश्न घरोघर फिरतो. चौथीची परीक्षा तोंडावर आलेली असते आणि पाहुणा असो की शेजारी, चहाचा कप हातात घेता घेता विचारतो, "मग, पाचवीला कुठं घालताय?" यंदा मला हे तिघांनी विचारलं. साडूंनी, शेजारच्या वहिनींनी आणि ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्यानं, ज्याची मुलगी अजून मोठ्या गटात आहे. तिघांनाही फोनवर, जिन्यात, डबा खाताना थोडं थोडं सांगत राहिलो. तेच आता सावकाश लिहून काढतोय. हा निर्णय मी एकदा घेऊन, मध्येच बदलून बसलोय आणि या जूनला धाकटीसाठी पुन्हा घ्यायचाय.

आधी एक घोळ दूर करतो. "खासगी शाळा" म्हटलं की आपल्यासमोर पिवळी बस आणि गळ्यात टाय येतो. पण महाराष्ट्रात खासगी शाळा दोन जातीच्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली आमच्याच तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तीही खासगी संस्थाच. अशा संस्थांच्या शाळांत शिक्षकांचा पगार सरकार करतं, म्हणून त्या अनुदानित. दुसऱ्या बाजूला स्वयंअर्थसहाय्यित शाळा, २०१२ च्या कायद्यानंतर गावोगाव निघालेल्या, बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या. त्यांचा सगळा गाडा पालकांच्या फीवर चालतो. 'असर' या गावागावांतल्या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रात वरच्या इयत्तांना खासगी शाळांतली मुलं एकदम वाढलेली दिसतात. ते वाचून कुणाला वाटेल की सगळे इंग्रजी शाळांकडे धावले. खरं तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून चौथी किंवा सातवी झालेली मुलं संस्थेच्या हायस्कुलात येतात आणि मोजदादीत तीही खासगीतच धरली जातात. तर माझी तुलना या दोन खासगी शाळांची आहे.

बोर्ड कुठलं, मैदान केवढं, वर्गात पडदा आहे का, हे मी लिहीत बसत नाही. ते तुम्ही बघून आला असाल.

माझा मोठा मुलगा नर्सरीपासून चौथीपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित, म्हणजे फीवरच चालणाऱ्या शाळेत होता. जून २०१८ ला पाचवीसाठी त्याला अनुदानित शाळेच्या सेमी इंग्रजीच्या तुकडीत घातलं आणि मार्च २०२४ ला तो तिथूनच दहावीला बसला. दोन्हीकडची मिळून बारा-तेरा वर्षं झाली. माझ्याकडे आहे ती एवढीच मोजपट्टी, आणि ती एका घराची आहे.

पहिल्या शाळेबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. शाळा स्वच्छ होती. बाथरूमला जायला मूल घाबरत नव्हतं. लहान गटातल्या मिस इतक्या मायेच्या होत्या की रडत गेलेला मुलगा आठवड्यात हसत जायला लागला. बस दारात यायची, आम्ही दोघंही नोकरीवाले, त्यामुळे त्या बसचे उपकार मी विसरणार नाही. पाहुण्यांसमोर पोरगं इंग्रजीत बोललं की आजीच्या डोळ्यांत पाणी यायचं. फीबद्दलही माझी फारशी तक्रार नव्हती. फी नियमनाचा कायदा आहे, पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आहे, एकदा ठरलेली फी दोन वर्षं तशीच ठेवावी लागते. आमच्या शाळेनं निदान तेवढं पाळलं. वरचे खर्च, म्हणजे गॅदरिंगचे कपडे, प्रोजेक्टचं सामान, हे होतेच. पण ते माहीत असूनच आम्ही गेलो होतो.

आम्हाला तिथून काढलं ते दरवर्षीच्या जूननं.

पंधरा जूनला शाळा उघडायची. २०१६ साली, तिसरीला जाताना, चौदा तारखेला संध्याकाळी मी आणि बायको जेवणं उरकून वह्यांना खाकी कव्हरं घालत बसलो होतो. अकरा वह्या होत्या. प्रत्येकीवर लेबल, लेबलावर नाव, इयत्ता तिसरी, तुकडी सी, हजेरी क्रमांक चौदा. हजेरी क्रमांक त्यानं स्वतः सांगितला होता, दुसरीतलाच पुढं चालेल असं त्याला वाटत होतं. दहाच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली. सी तुकडी बंद. निम्मी मुलं ए मध्ये, निम्मी बी मध्ये. आमचा ए मध्ये, क्रमांक एकतीस. दोन वर्षं ज्याच्याशेजारी बसला तो मुलगा बी मध्ये. ज्या टीचर तिसरीला असणार म्हणून सांगितलं होतं, त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

बायकोनं ओल्या फडक्यानं अकराच्या अकरा लेबलं काढली. खाकी कागदावर पांढरे डाग राहिले, त्यावर दुसरी चिकटवली.

सकाळी त्याला सोडायला मीच गेलो. सवयीनं तो थेट सी च्या दारापाशी गेला. आतले बाक हलवले होते, भिंतीला रंगीत चित्रं लावली होती आणि दारावर 'ॲक्टिव्हिटी रूम' अशी पाटी होती. तो दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभा राहिला. रडला नाही. मला म्हणाला, "पप्पा, आपला वर्ग कुठं गेला?"

त्या एका दिवसापुरतं असतं तर मी ते सोडून दिलं असतं. पण हेच दुसरीला जाताना वेगळ्या रूपात झालं होतं आणि चौथीला जाताना पुन्हा झालं. तिसरीच्या दिवाळीनंतर वर्गशिक्षिका बदलल्या, पालकसभेत नव्या बाईंना आम्हीच आमच्या मुलाचं नाव सांगितलं. चार इयत्तांत सहा वर्गशिक्षिका झाल्या. दर मे महिन्यात व्हॉट्सॲप ग्रुपवरून पाच-सात पालक बाहेर पडायचे आणि त्यावरून आम्हाला कळायचं की यंदा कोण कोण गेलं.

मी मुख्याध्यापिकांना भेटलो. त्या सरळ बोलल्या आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. "सर, ॲडमिशन कमी झाल्या की सेक्शन मर्ज करावे लागतात. शिक्षकांचा पगार तुमच्या फीतूनच होतो." मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण घरी येताना डोक्यात हेच चालू होतं की ही एखाद्या वर्षाची अडचण नाही, शाळेची घडणच अशी आहे.

घरी आल्यावर मी वर्गाचे ग्रुप फोटो काढून बसलो आणि डोकी मोजली. नर्सरीला दोन तुकड्या, पहिलीला तीन. पहिलीच्या तीन फोटोंत मिळून शंभरावर मुलं. तिसरीला दोन तुकड्या, सत्तरच्या आसपास. चौथीच्या दोन फोटोंत छप्पन्न. पाचवीला, आम्ही निघाल्यावर, एकच तुकडी उरल्याचं नंतर कळलं. आजीच्या घरी माजघरात मडक्यांची उतरंड असायची, खाली मोठा डेरा आणि वर वर लहान होत गेलेली मडकी. पट, म्हणजे नोंदलेल्या मुलांची संख्या, अगदी तसा होता.

उतरंड का होते, ते पुढं बरीच वर्षं इकडचं तिकडचं ऐकून समजलं. पहिलं म्हणजे बायपासच्या बाजूला दर दोन-तीन वर्षांनी नवी, आणखी मोठी शाळा निघते आणि मुलं तिकडं सरकतात. बदलीची नोकरी असलेली घरं जातात. चौथी-पाचवीला काही मुलं नवोदय आणि साताऱ्याच्या सैनिक शाळेच्या तयारीला लागतात, त्यांचे सहावीला प्रवेश होतात. आणि फी. पहिलीला जी झेपते ती धाकटं भावंड शाळेत आलं की दुप्पट होते. फीवर चालणारा पट घरच्या मिळकतीबरोबर हलतो, हे करोनात सगळ्या देशानं पाहिलं. 'असर'च्या ग्रामीण पाहणीत ६ ते १४ वयाची सरकारी शाळेत जाणारी मुलं २०१८ साली ६५.६ टक्के होती, २०२२ ला ७२.९ झाली आणि २०२४ ला पुन्हा ६६.८ वर आली. एवढी मुलं चार वर्षांत तिकडं गेली आणि त्यातली बहुतेक दोन वर्षांत परत आली. प्रत्येक जाण्या-येण्यात एकेका मुलाचा वर्ग मोडला असणार, असं मला ते आकडे वाचताना वाटतं.

आणखी एक गळती आठवीनंतर असते, ती पालकांच्या लक्षात उशिरा येते. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवर जी मुलं पहिलीला किंवा नर्सरीला मोफत येतात, त्यांचं मोफत शिक्षण आठवीला संपतं. नववीला पूर्ण फी भरा किंवा दाखला घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळांना या जागांतून सूट दिली होती. उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. तेव्हा जागा राहिल्या हे चांगलंच झालं, पण नववीचा प्रश्न तसाच आहे. माझ्या मुलाच्या नर्सरीतल्या वर्गातला एक मुलगा असाच नववीला आमच्या अनुदानित शाळेत आला. मधली चार वर्षं दोघं भेटले नव्हते. पहिल्या दिवशी तो एकटाच मागच्या बाकावर बसलेला होता, माझ्या मुलानं त्याला ओळखून पुढं आणलं. तुमचं मूल २५ टक्क्यांतून जात असेल तर नववीचा विचार पहिलीलाच करून ठेवा, एवढं मात्र मी आग्रहानं सांगेन.

आता दुसरी बाजू.

अनुदानित शाळेच्या प्रत्येक वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूनं चार ओळी असतात. वार, दिनांक, पट, हजर. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी त्या पाहिल्यात, कुणी कुणी मॉनिटर म्हणून लिहिल्याही असतील. जून २०१८ ला मुलाला सोडायला गेलो तेव्हा पाचवीच्या त्या फळ्यावर लिहिलं होतं, पट ६४, हजर ६१. चौसष्ट! इंग्रजी शाळेत अठ्ठावीसच्या वर्गात बसलेलं माझं पोर तीनच्या बाकावर चौथं म्हणून बसलं होतं. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला आणि मी बायकोला फोन करून म्हणालो, आपलं चुकलं की काय.

पण तो पट हलला नाही. पाचवीला चौसष्ट, सहावीला त्रेसष्ट, सातवीला चौसष्ट. आठवीला तर वाढला. सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांतली मुलं आठवीला येतात, त्यामुळे एक नवी तुकडी निघाली, जुन्या तुकडीला कुणी हात लावला नाही. कोयना मिळाल्यावर कृष्णेचं पात्र भरतं तसं काहीसं. ढेबेवाडी खोऱ्यातून एसटीनं येणारी मुलं, अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर येणाऱ्या मुली, गावातली दुकानदारांची, शिक्षकांची, रिक्षावाल्यांची पोरं. पाचवीला जे बाकावर एकत्र बसले ते दहावीचा निकाल बघायलाही एकत्र होते. वर्गशिक्षक बदलायचे, पण जुन्या बाई शेजारच्या वर्गावरच असायच्या. दहावीच्या निरोप समारंभात पाचवीच्या बाईंनी माझ्या मुलाला जवळ बोलावून सांगितलं, "तू आलास तेव्हा एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत गोंधळायचास." हे एवढं लक्षात ठेवायला माणूस तिथं टिकलेला असावा लागतो.

तो गोंधळ खरा होता आणि हा बदल करणाऱ्यांनी त्याची तयारी ठेवावी. पहिली सहामाही कठीण जाते. जोडाक्षरं येत नाहीत, मराठी आकडे कळत नाहीत, इतिहासाच्या धड्यातला 'तह' म्हणजे काय ते घरी विचारतात. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असल्यामुळे तिथं मात्र पहिल्या दिवसापासून ठीक चाललं. दिवाळीपर्यंत आजोबा रोज संध्याकाळी वर्तमानपत्रातलं एक पान मोठ्यानं वाचून घ्यायचे. फेब्रुवारीत अडचण राहिली नव्हती. पाचवीत बदल केला म्हणून हे जमलं, असं मला वाटतं. सातवीत केला असता तर जड गेलं असतं.

अनुदानित शाळेच्या उणिवा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०१२ साली शिक्षकभरतीवर बंदी आली, पुढं पवित्र पोर्टलमार्फत भरती सुरू झाली तरी मधल्या काळातल्या रिकाम्या जागा आजही जाणवतात. आमच्या मुलाला आठवी-नववीत दीड वर्ष विज्ञानाला कायम शिक्षक नव्हते. तासिका तत्त्वावरचे एक सर यायचे, शिकवायचे मनापासून, पण त्यांचं मानधन वेळेवर नसायचं आणि त्यांची काळजी चेहऱ्यावर दिसायची. स्वच्छतागृहांबद्दल पालकसभेत तीनदा बोलावं लागलं. संगणक कक्ष होता, किल्ली मात्र क्वचित सापडायची. नववी-दहावीला गणिताची शिकवणी लावावी लागली, म्हणजे शाळेत वाचलेले सगळे पैसे शिल्लक पडले असं म्हणता येत नाही. आणि बोलण्यातलं इंग्रजी मागं पडलं. अकरावीला सायन्सला गेल्यावर त्याला ते दोन-तीन महिने नडलं. लिहिण्यात अडचण आली नाही, उभं राहून उत्तर द्यायला तो बिचकायचा.

काही गोष्टी मात्र अनुदानित शाळेत असल्यामुळेच मिळतात आणि त्या माहीत नसतात. आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवड यादीत आलं, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. माझ्या मुलाच्या बाकावरच्या मित्राला ती शिष्यवृत्ती मिळाली. आमच्या उत्पन्नामुळे आमचा मुलगा बसू शकला नाही, पण त्या वर्षभर दोघांनी मिळून बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तकं सोडवली आणि त्याचा फायदा दोघांनाही झाला. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत, पोषण आहार. खिचडीला माझ्या आईनं आधी नाक मुरडलं होतं. नंतर मुलगा घरचा डबा तसाच परत आणायला लागला, कारण सगळ्यांबरोबर रांगेत बसून खाल्लेली खिचडी त्याला आवडायची.

मोजून बोलायचं तर पट दोन्हीकडच्या शिक्षकांच्या मानेवर बसलेला आहे, फक्त वेगळ्या तऱ्हेनं. अनुदानित शाळेत ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे किती मुलांमागं किती शिक्षक मंजूर ते ठरतं. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात हायस्कूलचे गुरुजी वाड्यावस्त्यांवर चौथीच्या मुलांच्या घरी फिरताना दिसतात. कुणी सायकलचं सांगतं, कुणी गणवेशाचं. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीनं कागदावरचे पट उघडे पाडले होते, त्यानंतर आता आधार जोडलेला पट लागतो, तेव्हा खरी मुलं आणायचीच असतात. या फिरण्याला काही जण नावं ठेवतात. मला ते वाईट वाटत नाही. आपल्या मुलाची शाळेला गरज आहे, हे सांगायला तिथले शिक्षक घरी आले तर त्यांना बसवा, पाणी द्या आणि एकच विचारा. पाचवीला किती तुकड्या आहेत आणि दहावीला किती? इंग्रजी शाळेच्या ऑफिसातही हाच प्रश्न विचारा. कुठं पटकन उत्तर मिळतं आणि कुठं विषय बदलतो, ते ऐका.

विचारायला संकोच वाटला तर शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, घ्या. अकरा आकडी असतो, आपल्या राज्याचा २७ नं सुरू होतो. त्यावरून शाळेची माहिती सरकारी संकेतस्थळावर बघता येते. मी मोठ्याच्या वेळी हे केलं नव्हतं, फोटोतली डोकी मोजत बसलो. धाकटीच्या वेळी दोन्ही शाळांचं बघून घेतलं.

एक सावधगिरी. आमच्याकडे कित्येक जुन्या संस्थांनी त्याच आवारात, त्याच कमानीच्या आत इंग्रजी माध्यमाचा वेगळा विभाग काढलाय. नाव तेच, संस्थापकांचा पुतळा तोच, पण तो विभाग स्वयंअर्थसहाय्यित असतो. तिथल्या शिक्षकांचा पगार, फी, पटाची चाल, सगळं दुसऱ्या जातीचं. आमच्या एका नातलगांनी संस्थेच्या नावावर विश्वास टाकून प्रवेश घेतला आणि सप्टेंबरमध्ये त्यांना कळलं. प्रवेशाच्या पावतीवर कुठल्या विभागाचं नाव आहे ते आधी वाचा.

दाखल्याची भीती घालणारे भेटतील. "एकदा नाव काढलं की परत घेणार नाहीत," "बाकी फी भरल्याशिवाय दाखला देणार नाहीत." शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. उलट दिशेला, म्हणजे अनुदानितमधून विनाअनुदानितमध्ये जायला, असा हक्क नाही. तिथं शाळेची मर्जी आणि तुमची फी. म्हणून ज्यांचं मन दोन्हीकडं आहे त्यांनी ही गोष्टही तराजूत टाकावी.

आता कुणी इंग्रजी शाळाच घ्यावी, तेही सांगतो. ज्यांची बदली राज्याबाहेर होऊ शकते त्यांनी केंद्रीय बोर्डाचीच शाळा बघावी, तिथं माझं म्हणणं लागू पडत नाही. घरात मराठी वाचून घेणारं कुणी नसेल तर पाचवीतला बदल मुलाला एकट्यानं सोसावा लागतो, तो मी करायला सांगणार नाही. आईवडील दोघंही रात्री उशिरा घरी येत असतील तर बस आणि पाळणाघराची सोय ही लहान गोष्ट नसते. शिवाय अशा इंग्रजी शाळाही आहेत की जिथं पंधरा-वीस वर्षं तेच शिक्षक टिकून आहेत आणि दहावीला पहिलीइतकीच मुलं आहेत. तशी शाळा तुमच्या जवळ असेल तर बिनधास्त घाला, मीही घातलं असतं.

आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांनी माझं उत्तर उचलू नये, प्रश्न उचलावा. तिकडं मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळांचेच पट ओसरलेत, वर्ग बंद पडताहेत, दोन इयत्ता एकत्र बसवल्या जाताहेत. तिथं उतरंड अनुदानित शाळेत दिसेल आणि भरलेला वर्ग एखाद्या इंग्रजी शाळेत. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन प्रक्रियेनं व्हायला लागलेत, तेव्हा दहावी कुठल्या शाळेतून झाली याला पूर्वीइतकं वजन राहिलेलं नाही. मधली सहा वर्षं मूल कुणाबरोबर बसतं, कोण त्याला नावानं ओळखतं, हे माझ्या लेखी जास्त मोलाचं ठरलं. तुमच्या घरी दुसरं काही मोलाचं असू शकेल.

धाकटी सध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे. तिच्यासाठी तीन ठिकाणांहून विचारणा झाली. इंग्रजी शाळेच्या ऑफिसातून दोनदा फोन आला, बोलणाऱ्या ताई फार अदबीनं बोलल्या आणि पहिल्या वर्षाच्या फीत सवलत सांगितली. दोन हायस्कूलचे गुरुजी घरी येऊन गेले. बायकोचा कल थोडा इंग्रजी शाळेकडं होता, मोठ्याचं बोलण्यातलं इंग्रजी मागं पडलं ही तिची खंत आहे आणि ती रास्त आहे. त्यासाठी वेगळी काहीतरी सोय करायची असं आम्ही ठरवलंय.

गेल्या शनिवारी सकाळची शाळा होती, म्हणून धाकटीला घेऊन हायस्कुलात गेलो. पाचवीच्या वर्गावर बाई नव्हत्या, मुलं आपापलं लिहीत बसली होती. आम्ही दारात उभे राहिलो. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, पट ५७, हजर ५५. धाकटीनं ते वाचलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "दोघं कोण नाही आलं?"

त्यानं वहीतून मान वर केली नाही. "एक आजारी आहे, एक जोतिबाला गेलाय. सोमवारी येतील दोघं," म्हणाला.